बल्बासॉर : पाठीवर बी घेऊन चालणारा जीव

मुलांच्या वह्यांची शेवटची पाने तपासली, तर तिथे अभ्यासक्रमाबाहेरचे एक स्वतंत्र प्राणिसंग्रहालय भरलेले दिसते. त्यातील एक चित्र गेल्या वीस-बावीस वर्षांत अनेक पिढ्यांच्या वह्यांत सातत्याने आढळते. हिरवट-निळसर रंगाचा, बेडकासारख्या बसक्या अंगाचा, चार पायांवर उभा असलेला एक प्राणी आणि त्याच्या पाठीवर कांद्याच्या आकाराचा मोठा हिरवा कंद. पालकांना हे चित्र निरर्थक वाटते. मुलांना मात्र त्याचे नाव, उंची, वजन आणि स्वभाव तोंडपाठ असतो. या प्राण्याचे नाव बल्बासॉर. तो जपानमधील 'पोकेमॉन' या खेळमालिकेतील एक काल्पनिक जीव आहे. वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या या जीवाची ओळख माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना करून द्यावी, आणि त्या निमित्ताने खऱ्या निसर्गाचे काही नियमही समजून घ्यावेत, एवढाच आमच्या या लेखाचा हेतू आहे.

खेळाचा जन्म

पोकेमॉन हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या खेळयंत्रासाठी प्रसिद्ध झाला. रानावनांत हिंडावे, तिथले निरनिराळे जीव पकडावेत, त्यांना वाढवावे, त्यांची नोंद ठेवावी आणि मित्रांशी त्यांची देवाणघेवाण करावी, असे त्याचे स्वरूप. पहिल्या आवृत्तीत अशा जीवांची संख्या १५१ होती. ही कल्पना सातोशी ताजिरी यांची. त्यांचा जन्म १९६५ चा. तोक्योच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात त्यांचे बालपण गेले आणि त्या वयात त्यांना कीटक गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. भातखाचरे, झाडी आणि तळी यांनी वेढलेले ते गाव त्यांच्या डोळ्यांदेखत शहर झाले. झाडे तुटली, कीटक दिसेनासे झाले, आणि मासे पकडण्याच्या तळ्याच्या जागी खेळयंत्रांचे दालन आले, अशी आठवण त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितली आहे. शहरातल्या मुलांना कीटक पकडण्याचा तो आनंद पुन्हा मिळावा, ही या खेळामागची प्रेरणा होती.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. एखादी वस्तू समाजातून नाहीशी होऊ लागली की तिची प्रतिमा निर्माण होते. युद्धोत्तर जपानच्या वेगवान औद्योगिक वाढीने जे गिळले, तेच या खेळाने चित्ररूपात परत आणले. आपल्याकडील अनेक गावांनीही तळी बुजताना आणि माळरानांचे भूखंड होताना पाहिले आहे. त्यामुळे या परकीय खेळाची ही पार्श्वभूमी आपल्याला परकी वाटू नये.

नावातील नवल

खेळातील जीवांच्या अधिकृत सूचीत बल्बासॉरचा क्रमांक पहिला आहे : ००१. 'बल्बासॉर' हे नाव इंग्रजी आवृत्तीतील असून कंद आणि सरडा या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते तयार झाले. मूळ जपानी नाव अधिक अर्थपूर्ण आहे. ते आहे 'फुशिगिदाने'. 'फुशिगि' म्हणजे अद्भुत, गूढ. 'ताने' म्हणजे बी. समासात 'ताने'चे 'दाने' होते. मराठीत संधी होताना 'वाक्' आणि 'देवी' यांचे 'वाग्देवी' होते. कठोर वर्णाचा मृदू वर्ण होण्याची तशीच सवय जपानी भाषेलाही आहे. आपल्या 'दाणे' या शब्दाशी त्याचे साम्य मात्र केवळ योगायोगाचे. गंमत अशी की, हेच नाव थोडे तोडून उच्चारले, तर 'फुशिगि दा ने' असे वाक्य होते आणि त्याचा अर्थ होतो, 'नवल आहे ना!' सूचीतील पहिल्याच जीवाचे नाव असा उद्गार असावा, हे आम्हाला फार समर्पक वाटते. सर्व ज्ञानाची सुरुवात अशाच उद्गारापासून होते.

हा जीव वाढतो तेव्हा त्याची दोन पुढची रूपे दिसतात. आयव्हीसॉर आणि व्हिनसॉर ही त्यांची इंग्रजी नावे. जपानी नावांत अनुक्रमे बी, तृण आणि फूल हे अर्थ गुंफलेले आहेत. म्हणजे केवळ तीन नावे वाचली तरी वनस्पतीचे जीवनचक्र समजते. पहिल्या रूपात उंची ०.७ मीटर आणि वजन ६.९ किलो असते. पाठीवर बंद कंद असतो. दुसऱ्या रूपात उंची १ मीटर आणि वजन १३ किलो होते. कंद उमलून पाने पसरतात व मधोमध कळी दिसते. तिसऱ्या रूपात उंची २ मीटर आणि वजन १०० किलो. पाठीवर मोठे फूल फुललेले असते. खेळातील नोंदी सांगतात की, जन्मतःच या प्राण्याच्या पाठीवर एक बी रुजते आणि ते त्याच्यासोबत वाढते. कळी मोठी झाली की तिच्या भारामुळे प्राण्याला मागच्या पायांवर उभे राहता येत नाही. पाऊस पडून गेल्यावर फुलाचा सुगंध अधिक दरवळतो आणि इतर जीव त्याकडे आकर्षित होतात.

सोबती की बांडगूळ?

येथे एक प्रश्न उभा राहतो. पाठीवरचे ते बी प्राण्याचा सोबती आहे, की त्याच्यावर जगणारे बांडगूळ? आंब्याच्या झाडावर वाढणारे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला स्वतःची हिरवी पाने असतात. पण पाणी आणि क्षार ते आंब्याच्या फांदीतून ओढते. अमरवेल त्याहून पुढे जाते. तिला जमिनीत मूळ नसते, पाने जवळजवळ नसतात. ती यजमान झाडाच्या देठात आपले शोषक घुसवते आणि सगळाच आहार फुकट मिळवते. बल्बासॉरला खेळात जी एक विद्या अवगत आहे, ती नेमकी अमरवेलीची आहे. तो प्रतिस्पर्ध्यावर बी टाकतो. ते रुजते आणि प्रतिस्पर्ध्याची शक्ती थोडी थोडी शोषून बल्बासॉरला देत राहते.

परंतु त्याच्या स्वतःच्या पाठीवरचे बी तसे नाही. खेळातील माहितीनुसार कंदात साठलेल्या शक्तीवर तो कित्येक दिवस अन्नावाचून राहू शकतो. वनस्पतीला फिरता आधार आणि ऊन मिळते, प्राण्याला अन्न मिळते. अशा देवाणघेवाणीला आपण सहजीवन म्हणतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ मध्ये ही संकल्पना शास्त्रात रूढ केली. त्यांची व्याख्या व्यापक होती : भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र जगणे म्हणजे सहजीवन. त्यात परस्परांचा लाभही येई आणि परजीवीपणाही येई. कोण घेतो, कोण देतो आणि ओझे कोण वाहतो, हे प्रत्येक उदाहरणात तपासूनच ठरवावे लागते. एकत्र राहणे एवढ्यानेच नाते न्याय्य ठरत नाही. जीवशास्त्रातील हा धडा माणसांच्या वस्तीतही विसरण्याजोगा नाही.

सहजीवनाचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. गोड्या मसाल्यात घातले जाणारे दगडफूल हे ना फूल, ना एकच वनस्पती. ते बुरशी आणि शैवाल यांचे संयुक्त घर आहे. बुरशी ओलावा धरून ठेवते व आसरा देते. शैवाल उन्हात अन्न तयार करते. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या साठीत हे मत मांडले, तेव्हा अनेक नामवंत अभ्यासकांनी ते धुडकावून लावले होते. दुसरे उदाहरण शेतातील. तूर, हरभरा, भुईमूग यांचे रोप उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र पिकाला देतात आणि पिकाकडून साखर घेतात. कडधान्यानंतर जमिनीचा कस सुधारतो, हा शेतकऱ्याचा अनुभव या देवाणघेवाणीवर उभा आहे.

असा प्राणी खरोखर असू शकतो का?

वनस्पती आणि प्राणी एका देहात नांदणे हे निव्वळ कल्पनेतले नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आढळणारी एलिसिया क्लोरोटिका ही समुद्री गोगलगाय एक प्रकारचे शैवाल खाते, परंतु त्यातील हरितकणू पचवून टाकत नाही. ते आपल्या पेशींत साठवते. त्यामुळे ती पानासारखी हिरवी दिसते आणि अन्न न मिळताही महिनोन्‌महिने जगू शकते.

बल्बासॉरच्या अधिक जवळचा नातेवाईक म्हणजे उत्तर अमेरिकेतील ठिपकेदार सॅलॅमँडर. हा बेडकाप्रमाणेच उभयचर प्राणी आहे. त्याच्या पाण्यातील अंड्यांत हिरवे शैवाल वाढते, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. गर्भ जो कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त मळ बाहेर टाकतो, तो शैवालाला उपयोगी पडतो. शैवाल ऑक्सिजन देते आणि गर्भ चांगला वाढतो. २०११ मध्ये रायन केर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हे शैवाल अंड्याच्या द्रवातच थांबत नाही, तर गर्भाच्या पेशींच्या आतही शिरते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या पेशींत असे शैवाल सापडण्याचे ते पहिले उदाहरण होते. जन्माच्या वेळी उभयचरासारख्या प्राण्याच्या अंगी वनस्पती रुजते, ही बल्बासॉरची कल्पना १९९६ ची. निसर्गातील तिचे प्रतिरूप पंधरा वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

मग केवळ उन्हावर बल्बासॉर जगू शकेल काय? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असा हिशेब मांडून पाहू. ऊन पडणारे कंदाचे क्षेत्रफळ साधारण हातरुमालाएवढे, म्हणजे ०.१ चौरस मीटर धरू. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी सौरऊर्जा पडते. दिवसभरात अशा प्रखर उन्हाचे सहा तास धरले, तर कंदावर ६०० वॅट-तास ऊर्जा पडेल. वनस्पती त्यातील शेकडा एक-दोन भागच अन्नात साठवतात. म्हणजे हाती येतात ६ ते १२ वॅट-तास, अर्थात जेमतेम ५ ते १० किलोकॅलरी. सात किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहायलाही दिवसाला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. सरडा-बेडकांसारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांची गरज त्याच्या सुमारे एक दशांश, म्हणजे ३० धरली, तरी कंद त्यातील सहावा ते तिसरा हिस्साच भरून काढील. तात्पर्य, बल्बासॉर थंड रक्ताचा असेल, बहुतेक वेळ उन्हात पडून राहत असेल आणि अधूनमधून खात असेल, तरच त्याचे गणित जमते. झाडे चालत का नाहीत, याचे उत्तर या हिशेबातच आहे. उन्हाची कमाई तुटपुंजी असते. तिच्यावर जगायचे तर पाने भरपूर पसरावी लागतात आणि हालचाल सोडावी लागते.

तृण, अग्नी आणि जल

खेळात प्रत्येक जीवाचा एक गुणधर्म असतो. सुरुवातीला खेळाडूने तीन जीवांतून एक निवडायचा असतो : तृणगुणी बल्बासॉर, अग्निगुणी चारमँडर किंवा जलगुणी स्क्वर्टल. तृण पाण्याला भारी, पाणी अग्नीला भारी आणि अग्नी तृणाला भारी. सर्वश्रेष्ठ असा कोणीच नाही. प्रत्येकाला कोणीतरी वरचढ आहे. तृणगुण पाषाणालाही भारी पडतो. जुन्या किल्ल्यांच्या तटबंदीत रुजलेले पिंपळाचे रोप काही वर्षांत चिरे कसे विलग करते, हे पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. बर्फ मात्र तृणाला मारक ठरतो. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा करपतात, तसेच हे. खेळातील पहिला मोठा प्रतिस्पर्धी पाषाणगुणी आणि दुसरा जलगुणी असल्याने बल्बासॉर निवडणाऱ्याचा आरंभ सुकर होतो.

बल्बासॉरला तृणाच्या जोडीला विष हा दुसरा गुण आहे. तोही वनस्पतिशास्त्राला धरूनच. संकट आले तर प्राणी पळू शकतो. झाड पळू शकत नाही. म्हणून रुई, धोतरा, कण्हेर यांसारख्या वनस्पती आपल्या चिकात, पानांत आणि बियांत विष साठवून स्वतःचे रक्षण करतात. उन्हाचा तीव्र झोत सोडण्याची एक विद्या या जीवाला येते. परंतु त्यासाठी आधी एक डाव थांबून ऊन साठवावे लागते. पुढील आवृत्त्यांत तर आकाश निरभ्र असेल तर हा झोत तत्काळ सुटतो आणि पाऊस असेल तर त्याचा जोर निम्मा होतो. प्रकाशसंश्लेषणाचे इतके नेटके रूपक पाठ्यपुस्तकालाही सहसा साधत नाही.

'उत्क्रांती' या शब्दाचा घोटाळा

कौतुकाबरोबर एक दुरुस्तीही आवश्यक आहे. बल्बासॉर ठरावीक पातळी गाठतो तेव्हा त्याचा आयव्हीसॉर होतो. या बदलाला खेळात 'उत्क्रांती' म्हटले जाते. शास्त्राच्या दृष्टीने ही उत्क्रांती नव्हे. एकाच जीवाने आपल्या आयुष्यात रूप बदलणे याला रूपांतरण म्हणतात : अळीचे फुलपाखरू होते, बेडूकमाशाचा बेडूक होतो. कीटकांच्या नादात वाढलेल्या माणसाच्या खेळात असा क्रम यावा, हे स्वाभाविकच आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेली उत्क्रांती ही कोणा एका जीवाची नसते. ती असंख्य पिढ्यांत, एका संपूर्ण समूहात, लहानसहान फरकांच्या निवडीने घडते. तिला ठरलेली पातळी नाही, शिखर नाही, आणि 'वरचे' रूप मिळवणे हे तिचे ध्येयही नाही.

हा भेद केवळ परीक्षेतील एका गुणापुरता नाही. उत्क्रांती म्हणजे खालून वर जाण्याची शिडी, असा समज एकदा मनात रुजला की माणसामाणसांनाही त्या शिडीच्या पायऱ्यांवर बसवण्याची बुद्धी होते. जगाच्या इतिहासात या गैरसमजाने मोठे अनर्थ घडवले आहेत. म्हणून मुलाने हौसेने 'माझा बल्बासॉर उत्क्रांत झाला' असे सांगितले, तर त्याला दटावू नये. फुलपाखराचा कोष दाखवावा आणि दोन्हींतील फरक विचारावा. खेळात एक कळ दाबून हे रूपांतर रोखताही येते. दूरचित्रवाणी मालिकेतील बल्बासॉर तर, सारे सोबती रूप बदलत असताना, आहे तसाच राहण्याचे ठरवतो. जीवशास्त्रात असे स्वातंत्र्य नाही. ही दुरुस्ती मुलांना आवडतेच, कारण ती त्यांच्या आवडत्या विषयात शिरून केलेली असते.

शास्त्रज्ञांनीही या जीवाशी थोडी थट्टा केली आहे. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या, पंचवीस कोटी वर्षांहून अधिक जुन्या एका तृणभक्षी प्राण्याला २०१७ मध्ये 'बल्बासॉरस फायलोक्सायरॉन' असे नाव देण्यात आले. नाकावरील कंदासारख्या उंचवट्यांमुळे ते नाव दिले, असे अधिकृत स्पष्टीकरण आहे. नावाच्या दुसऱ्या भागाचा अर्थ मात्र होतो 'पर्ण-वस्तरा', आणि धारदार पाने फेकणे ही बल्बासॉरची प्रसिद्ध विद्या आहे. मर्म जाणणाऱ्यांनी ते जाणले.

मुलांची स्मरणशक्ती आणि आपली जबाबदारी

२००२ मध्ये केंब्रिजचे संशोधक अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा पण बोचरा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील प्राथमिक शाळांतील मुलांना त्यांनी दोन प्रकारची चित्रे दाखवली : काही त्यांच्याच परिसरातील वनस्पती व प्राण्यांची, काही पोकेमॉनची. चार वर्षांच्या मुलांना पोकेमॉन फारसे ओळखता येत नव्हते. आठ वर्षांच्या मुलांनी मात्र शेकडा ७८ पोकेमॉन ओळखले, आणि खरे जीव केवळ शेकडा ५३. संशोधकांनी मुलांना दोष दिला नाही. जीवांची नावे आणि लक्षणे शिकण्याची मुलांची क्षमता अफाट आहे. ती क्षमता जागी करण्यात खेळ तयार करणारे निसर्गाच्या रक्षकांहून सरस ठरले, असे त्यांनी म्हटले.

हा निष्कर्ष आम्हा शिक्षकांना आणि पालकांना उद्देशूनच आहे. निवासी शाळेतील मुले रानाशेतांतून आलेली असतात. त्यांच्या आजी-आजोबांना ज्या झाडाझुडपांची नावे, गुण आणि ऋतू ठाऊक होते, ते ज्ञान बहुतांशी कागदावर कधी आलेच नाही. मुले वसतिगृहात राहू लागतात तेव्हा पुस्तकी ज्ञान वाढते, पण हा मौखिक वारसा मागे राहतो. ज्या समाजाला लिहिण्या-वाचण्याचा अधिकार उशिरा मिळाला, त्याने तरी आपल्याजवळचे ज्ञान अलिखित राहू देऊ नये.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. पोकेमॉनच्या सूचीप्रमाणेच शाळेची स्वतःची एक वनस्पती-वही असावी. आवारातील पहिल्या झाडाला ००१ क्रमांक द्यावा. प्रत्येक पानावर चित्र, उंची, गावोगावचे नाव, फुलण्याचा महिना, त्यावर जगणारे कीटक-पक्षी, ते झाड कोणाला देते आणि कोणाकडून घेते, एवढे नोंदवावे. सुटीत घरी गेलेल्या मुलाने आजीकडून एक तरी नाव विचारून आणावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील एकेका वनस्पतीची माहिती लिहून पाठवावी. यासाठी निधी लागत नाही; वही, पेन आणि विचारण्याची वृत्ती पुरते.

परदेशी खेळातील एक हिरवा प्राणी मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपली जागा राखून आहे. त्याला तेथून हुसकावण्याची काहीच गरज नाही. त्याच्या शेजारच्या पानावर दगडफूल, बांडगूळ, हरभऱ्याच्या मुळावरची गाठ आणि कोषातून निघणारे फुलपाखरू यांना जागा मिळाली, आणि मुलाच्या तोंडून 'नवल आहे ना!' हा उद्गार खऱ्या निसर्गाकडे पाहूनही निघाला, तर शाळेचे काम बऱ्याच अंशी झाले, असे आम्ही समजू.